वाऱ्याची उधारी

माझ्या मागे कुणीतरी सायकलवर आहे हे मला कळलं, तेव्हा मी गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात होते... आणि सूर केव्हाच तळ्यात बुडाला होता.

मी एकटी सायकल चालवते ती याच सुखासाठी. तळ्याकाठच्या आमच्या आकितानिया गावात प्रत्येक घरात पातीच्या कांद्याच्या जुड्या असतात आणि एक तरी सायकल असते. पण चारचौघांबरोबर चालवायचं म्हटलं की रीतभात आली. पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा. मागच्याने वाऱ्यापासून पुढच्याच्या पाठीचा आडोसा घेतला असेल, तर आपली पाळी आल्यावर पुढे होऊन वारा अंगावर घ्यायचा. चढावर कुणी मागे पडलं तर माथ्यावर थांबायचं. शिवाय आमच्या गावच्या पुरुषांची एक खास रीत – पुढे बाई दिसली की जीव गेला तरी चालेल, पण तिला मागे टाकायचंच! एकटीला यातलं काही नसतं. हवं तिथे थांबावं, चढावर रडावं, उतारावर गावं. कोण ऐकतंय?

तर, हा ऐकत होता.

साखळीची करकर कानावर आली म्हणून मी मान वळवली. पिवळा सदरा, पांढरे पडलेले ओठ, आणि नजर माझ्या मागच्या चाकावर खिळलेली.

"अहो, कधीपासून गोचिडासारखे चिकटलाय?"

"प्लाया ब्लांकाच्या किनाऱ्यापासून."

"म्हणजे पहिल्या कडव्यापासून!"

"दुसऱ्या. पहिलं जरा लांबून ऐकलं."

माझे कान तापले. "कुणाच्या चाकामागे यायचं तर आधी विचारतात. एवढीही रीत नाही तुमच्या गावात?"

"आहे की. पण तुम्ही गात होतात. गाणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, हीसुद्धा रीतच आहे आमच्या गावात."

आमच्या बोयाका प्रांतात भांडणही अहो-जाहो करूनच होतं. कुत्र्याला हाकलतानासुद्धा आम्ही 'अहो, निघा आता' म्हणतो. त्यामुळे राग म्हणून नीट काढताच येत नाही. मी एखादा झणझणीत शब्द शोधत होते, तेवढ्यात त्याची सायकल डुलली, आणि तो पडता पडता कांद्याच्या बांधाला टेकला.

"काय खाल्लंय सकाळपासून?"

"काही... नाही."

मी खिशातून पेरूची वडी आणि चीजचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने ते असं खाल्लं की वडीवर गुंडाळलेलं पानही पोटात गेलं असतं. तोंडावर रंग आल्यावर मी विचारलं, "करता काय तुम्ही?"

"इसा गावच्या चौकात आमचं गोड पदार्थांचं दुकान आहे."

मला हसू आवरेना. हँडलवर डोकं टेकवून हसले. मिठाईवाला भुकेने पडला!

"हसा. दिवसभर साखरेचा वास घ्या, मग बोला," तो म्हणाला. त्याचं नाव येसिद. मी माझं सांगितलं, यामिले. मग तो एकदम गंभीर झाला. "प्लाया ब्लांकापासून इथपर्यंतचा वारा तुम्ही एकटीने झेललात. मी फुकटात आडोसा घेतला. आज पायांत दम नाही... पण पुढच्या रविवारी फेडीन."

"वाऱ्याची कसली आलीय उधारी?"

"तुम्हीच म्हणालात ना, रीत हवी म्हणून?"

पुढच्या रविवारी तो खरंच आला. प्लाया ब्लांकाला दोन्या इस्मेनियाची टपरी आहे; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई. तिथे गुळाचं गरम पाणी मिळतं. त्यात चीजचा तुकडा बुडवून खायचा आणि मगच वाऱ्याला तोंड द्यायचं. येसिद लोकरीच्या रुआनात, आमच्याकडच्या जाड घोंगडीत, गुंडाळून बसला होता, शेजारी सायकल.

"चला, मागे या," तो म्हणाला.

मला मागे राहायची सवय नव्हती. पहिल्यांदा वाटलं, दोन वळणांत कंटाळा येईल. पण समोरून वारा असला की पुढच्याचा सगळा वास मागच्याकडे येतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. व्हॅनिला आणि करपलेली साखर! त्याच्या मानेवर एक तीळ होता. खड्डा आला की तो हात खाली करून दाखवायचा – मोठा, लहान, अगदी बशीएवढासुद्धा. एकदा त्याने हात खाली केला, मी दचकून पाहिलं, तर खड्डा नव्हताच. लव्हाळ्यात बदकाची पिल्लं होती.

आणि चढावर तो माथ्यावर थांबायचा, पण माझ्याकडे पाठ करून. मी धापा टाकत, तोंड वेडंवाकडं करत वर यायचे, ते त्याने कधी पाहिलं नाही. मी पोचले की मग वळायचा, जणू आत्ताच दिसले. असं थांबणं मला कुणी दाखवलं नव्हतं.

"मी मागे होतो ना तेव्हा कांद्याचा वास येत होता," तो एकदा म्हणाला.

मी पटकन हात मागे घेतले. जुड्या बांधून बांधून वास जातच नाही. "मग? नाक दाबलंत?"

"नाही. म्हणूनच तर रस्ता चुकलो नाही."

असं काही बोलायचा आणि लगेच सायकलवर बसायचा! उत्तर द्यायला माणूस जागेवर नको का?

उधारी तो हप्त्याहप्त्याने फेडत होता. आज पुलापर्यंत, आज चर्चपर्यंत. दुकान उघडायला परत जावं लागायचं, म्हणून हप्ते लहान. मग एका रविवारी गुळाचं पाणी फुंकत तो म्हणाला, "आता थोडंच उरलं. पुढच्या खेपेला सगळं फिटेल."

"फिटू दे की," मी म्हणाले. हसूनच म्हणाले. पण घरी जाईपर्यंत पाय जड झाले होते. फिटलं की मग तो कशाला येईल? मला पुन्हा माझा रस्ता, माझं गाणं, माझं एकटेपण मिळेल... आणि ते मला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा नको होतं.

आठवडाभर जुड्या बांधता बांधता मी तोड काढली. सोपी होती. वारा मीच घ्यायचा! त्याने आडोसा घेतला की उधारी पुन्हा वाढणार. वाढू दे जन्मभराची!

त्या रविवारी मी त्याला पुढे येऊच दिलं नाही. टपरीवरून निघाले तीच पुढे. तो पाळी घ्यायला बाजूने आला की मी जोर लावायचे. तो पुन्हा आला, मी पुन्हा वेग वाढवला. छाती फुटत होती, पण मनात मी खूश. घे, किती घेशील आडोसा! चर्चच्या वळणावर मी विजयी मुद्रेने मागे पाहिलं.

रस्ता रिकामा होता. लांबवर एक पिवळा ठिपका उभा होता. त्याने हात वर केला, टोपीला हात लावून निरोप घेतात तसा, आणि इसाकडे वळून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही.

"भांडलात?" दोन्या इस्मेनियाने माझ्यापुढे गुळाचं पाणी ठेवत विचारलं. तिचा नवरा तरुणपणी शर्यती करायचा. सायकलीचं सारं गणित तिला पाठ.

"नाही हो. उलट मी तर..." मी सगळं सांगितलं. उधारी, हप्ते, माझी युक्ती.

ती एप्रनने डोळे पुसत हसायला लागली.

"अगं माझ्या बाई! माणूस पुढे यायला बघतो आणि तू वेग वाढवतेस. याचा अर्थ कुठल्याही सायकलवाल्याला विचार. एकच अर्थ होतो, मला सोड, मला एकटीला जाऊ दे. तो बिचारा रीतीचा माणूस. गेला."

मी गुळाच्या पाण्याचा पेला खाली ठेवला. मी त्याला धरून ठेवायला गेले होते, आणि त्याच्या भाषेत हाकलून दिलं होतं!

"आता काय करू?"

"मला काय विचारतेस? सायकल आहे ना?"

तिसऱ्या रविवारी मी प्लाया ब्लांकाला थांबलेच नाही. पुढे गेले, इसाकडे जाणाऱ्या कुइतिवाच्या रस्त्याला लागले. तो सायकल सोडणारा नव्हता. मला सोडलं असेल फार तर. आणि तळ्याच्या बाजूच्या लांब सपाटीवर तो दिसला. एकटा, वाकलेला, समोरून वारा.

त्याला गाठेपर्यंत माझा जीव निघाला. त्याच्या चाकामागे पोचले. काय बोलू? माफ करा? थांबा? मला तुम्ही हवे आहात? व्हॅनिलाचा वास आला आणि जे होतं तेही विसरले. न विचारता, गोचिडासारखी चिकटून राहिले. त्याने मागे पाहिलं नाही. कुणी अनोळखी आलं असेल समजून, न बोलता आडोसा देत राहिला. एक खड्डा आला. त्याने हात खाली करून दाखवला.

तेवढ्यानेच माझे डोळे भरले.

मग मला एकच गोष्ट सुचली. जी मी फक्त एकटी असताना करते. मी गायला लागले. पहिलं कडवं, दम लागलेलं, आधीपेक्षाही बेसूर.

त्याचे पाय थांबले. मानेवरच्या तिळाभोवती लाली चढली. दुसऱ्या कडव्यापर्यंत सायकल नुसतीच घरंगळत होती, आणि मग त्याने कोपर बाहेर काढून हलवलं – या पुढे, तुमची पाळी.

"नाही येणार," मी ओरडले. "आता मी कर्जात आहे!"

"एकटीने जायचं होतं ना तुम्हाला?" तोही ओरडला, पण वळला नाही.

"उधारी वाढवायची होती! फिटली तर तुम्ही येणार नाही म्हणून!"

आता तो वळला. रस्त्याच्या मधोमध थांबलाच. माझं चाक त्याच्या चाकावर आपटता आपटता वाचलं.

"म्हणून तुम्ही मला त्या दिवशी मारायला निघाला होतात?" तो म्हणाला. "अहो, फुफ्फुसं बाहेर आली होती माझी!"

"मग बोलायचं!"

"काय बोलायचं? की मीच हप्ते लहान करत होतो? चर्चच्याही पुढे एका दमात जाता येतं मला. दुकान तर आत्याच उघडते."

तो चाकाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "यामिले, मला तुम्ही आवडता. वारा नसला तरी."

"मलाही," मी म्हणाले. "गाणं नसलं तरी."

मागून भोंगा वाजला. कांद्याने भरलेला ट्रक, आणि खिडकीतून माझा मामा. "यामिले! रस्त्यात संसार मांडलास का? एका रांगेत चला!"

आम्ही सायकली सुरू केल्या. मी त्याला म्हटलं, तुम्ही पुढे. तो म्हणाला, नाही, तुम्ही. दोघांनी ब्रेक लावले आणि मामाचा भोंगा पुन्हा कर्कश वाजला. शेवटी बांधाला खेटून मामाला वाट दिली, आणि ट्रक गेल्यावर पुन्हा रस्त्यावर आलो – शेजारी शेजारी. शेजारी चालवलं की आडोसा कुणालाच मिळत नाही, वारा दोघांनाही सारखाच लागतो. म्हणून तर गटात तसं चालवू देत नाहीत.

तिसरं कडवं राहिलं होतं. मी सुरू केलं. येसिदने सूर मिळवला... आणि देवा रे, तो माझ्याहून बेसूर होता!