पहिला घोट

आमच्या घरी पाणी वरून पितात. बाटलीला ओठ लागले की आई ती लगेच घासायला टाकते. मी सिडनीच्या ब्लॅकटाउन उपनगरात जन्मले, पण उष्ट्याची किळस मला अगदी आईसारखी आहे.

बारावीच्या आर्टसाठी मी मातीचं डोकं करत होते. माझंच! यंदा मी एकदम बिनधास्त झालेय, वर्गात पहिला हात माझा. टर्म दोनमध्ये आम्हाला शिकवायला अचोल आली. लहानपणी साउथ सुदानहून सिडनीला आलेली शिल्पकार. काम सुरू करण्याआधी तिने डोळे मिटले, पाण्याचा घोट तोंडात घोळवला आणि फुर्रकन मातीवर उडवला.

"ईऽऽ!" मी मोठ्याने म्हणाले.

अचोल हसली. "पंधरा वर्षं रोज करते. कुणी शिकवलं नाही, माझं मलाच सापडलं. हे केल्याशिवाय माझे हात नुसते हात असतात. तुम्हीही पहिला घोट द्या. नाही दिला तर माती मागत बसते."

सगळ्यांनी दिला. मी नळाच्या पाण्याचा स्प्रे मारला, वर वेट वाइप फिरवला.

"मेट, तुला बाळपणी सॅनिटायझर पाजलं होतं का?" शेजारच्या टेबलावरची मिताली म्हणाली.

सोमवारी डोक्याच्या ओठांना भेग पडली. मी बुजवली.

मंगळवारी ती पुन्हा उघडली. आतून वास येत होता, सकाळी दात न घासलेल्या तोंडाचा.

बुधवारी भेगेला बोट लावलं, तर चिकट तार निघाली. मी बोट तीनदा साबणाने धुतलं.

"भेग राहिली तर उद्या भट्टीत जाणार नाही," आर्टचे सर म्हणाले. भट्टी नाही म्हणजे माझे बारावीचे मार्क गेले.

"अजूनही पहिला घोट दे," अचोल म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

"सॉरी, थुंकणं मला नाही जमणार."

गुरुवारी पीईचा तास संपवून मी धावतच आर्टरूमला गेले. सरांनी कुलूप काढलं.

भेग नव्हती!

ओठ मिटलेले, गुळगुळीत, ओले. मी आनंदाने किंचाळले.

शेजारीच माझी स्टीलची बाटली होती, सकाळी विसरलेली. झाकण उघडंच. घसा सुकला होता. मान मागे टाकून मी वरून घटाघटा प्यायले.

पाणी कोमट होतं.

मग झाकण लावायला गेले.

बाटलीच्या काठावर ओल्या मातीचे ओठ उमटले होते. वरचा डावीकडे जरा चढलेला, माझ्यासारखा.