उलटनाद

ऋजुताच्या घरात शहर ऐकू येत नसे. खाली चौकात हॉर्न वाजत, वरच्या मजल्यावर महिनाभर फरशी कापणं चालू होतं, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. हे काम घरसंगणकाचं. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिला तिच्याच मापाची उलटी लाट भेटली, की दोन्ही विरून जातात. या उलट्या लाटेला लोक उलटनाद म्हणत. भिंतींतले स्पीकर तो नेमका माणसाच्या कानाशी सोडत. एकाच खोलीत नवऱ्याला कुकरची शिट्टी ऐकू येई, बायकोला नाही.

आज मात्र त्या संगणकाचा आवाज बिघडला होता. पडद्यावर आतल्या खोलीतला पाळणा दिसत होता. पाच महिन्यांची ओजू लालबुंद होऊन रडत होती, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. ऋजुताने आवाज वाढवला, संगणक बंद करून परत लावला, वायरी काढून घातल्या. बातम्या नीट ऐकू आल्या, गाणीही. ती आत धावली तोवर ओजू गप्प होऊन छताकडे बघत होती.

माहेरहून परतल्यापासून दोन महिने ती फोनवर सगळ्यांना सांगत आली होती, की पोर गुणी आहे, रडत म्हणून नाही. घरात त्या दोघीच. ती घड्याळ लावून पाजायची, उरलेल्या वेळात डोळे मिटून पडायची. तरी थकवा काही जात नव्हता.

तक्रारीत बाळ असलं की कंपनी मेकॅनिक पाठवत नसे, शलाका तांबटना पाठवी. उलटनादावर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञ बाई. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी चहा नको म्हटलं, एकेक स्पीकर तपासला आणि खुर्चीत बसून विचारलं, "कानजुळणी कुठे केलीत?"

कानजुळणी म्हणजे यंत्राचे पहिले काही आठवडे. कुठला आवाज मालकाला हवा नि कुठला नको, हे ते तेव्हा शिकतं.

"माहेरी," ऋजुता म्हणाली. "बाळंतपणाला जाताना बरोबर नेला. म्हटलं, परत येईपर्यंत शिकून तयार असेल."

तिथे आईने आणि मावशीने तिला सव्वा महिना खाटेवरून हलू दिलं नव्हतं. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला घट्ट रुमाल. ओजूने टाहो फोडला, की ऋजुताच्या छातीत धस्स होई आणि ती उठायला जाई. तोवर आईने पोर उचललेलं असे. तू पड, आम्ही मेलो नाही अजून, असं म्हणत. संगणकाकडे बघून आईने नाकही मुरडलं होतं, आमच्या वेळी कापसाचा बोळा पुरत होता म्हणून.

"यंत्र दोनच गोष्टी बघतं," तांबट म्हणाल्या. "तुमच्या मनगटावरची पट्टी त्याला नाडी सांगते. आवाजाने नाडी वाढली आणि माणूस उठला, तर तो कामाचा आवाज. नाडी वाढली आणि माणूस पडूनच राहिला, तर तो नुसता त्रास. त्रास ते पुसून टाकतं."

"मला उठू देत नव्हते हो."

"ते त्याला कसं कळणार?"

म्हणजे बिघाड नव्हताच. ऋजुताने सावकाश विचारलं, "ती रोज रडत होती?"

तांबट खुर्चीतून उठल्या. त्यांनी उलटनाद बंद केला. वरची फरशी, खालचे हॉर्न, पंख्याची घरघर, सगळं एकदम अंगावर आलं. दोघी पाळण्याशी जाऊन उभ्या राहिल्या. ओजू जागी होती. दुपटं ओलं, दुधाची वेळ टळून गेलेली, मूठ तोंडात.

"आता ऐकू येईल ना?"

"येईल. आता अडवणारं काही नाही."

वाट पाहिली. ओजूने मूठ काढली, दुसरी तोंडात घातली.

"मग रडत का नाही ही?"

"दोन महिने रडून पाहिलंय तिनं," तांबट हळूच म्हणाल्या.

"बाकीच्या घरांतली मुलं?"

"काही परत रडायला लागली."

ऋजुताने पोरीला उचललं. ओजूने अनोळखी बाईकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं, शांतपणे, कसलीच अपेक्षा नसल्यासारखं. ओलं दुपटं ऋजुताच्या दंडाला गार लागलं. तिने ते सोडवलं नाही, पोरीला पदराआडही घेतलं नाही. भिंतीला टेकून ती खाली बसली आणि पोरीच्या तोंडाशी कान नेऊन पुटपुटत राहिली, "रड ना गं. एकदा रड. उठते मी."