ठमाबाईचं लुगडं

मिथुन, तो मोबाईल ठेव बे खाली. लाइट गेली तं गेली, येईन मंग. गोष्ट आयकाची आहे ना? मंग मधात खी-खी करू नोका. दिव्यानी, तू भिंतीले टेकून बस. नाईतं मांगून म्हनशीन, मोठेबाबा, पाठीमांगं कोनी आहे.

आन् हे कुठी आयकलेलं नाई हो. माझा सख्खा भाचा चंदन, गडचिरोलीले कपडे धुवाची मशीन-फ्रिज दुरुस्त करते, त्याच्यावर बितलेलं आहे. मागच्या सालची तान्ह्या पोळ्याची रात होती. पोट्टे लाकडाचे नंदी फिरवून थकून झोपले होते. पानी तं असं लागून होतं का अंगातले कपडे अंगातच बुरशीनं काळे पडत.

चंदनले फोन आला प्रफुलचा. धानोऱ्याच्या वाटंवरच्या गावातला, धानाची शेती करते. म्हने, "चंदनभाऊ, मशीनचा ड्रायर फिरून नाई राह्यला. आत्ताच या."

"अरे, सकाळी येतो ना बाप्पा."

"सकाळपर्यंत नाई जमत. लेकरू आहे घरी."

लेकरू म्हंजे प्रफुलची पोरगी, दिवस भराच्या आधीच झालेली. मुठीत मावन एवढीशी. दवाखान्यातल्या बाईनं बजावलं होतं, हिले ओल लागू देऊ नोका, छाती भरली तं आमच्या हातात काई नाई. आन् पान्यात कपडे वाळत नोहोते, चुलीवर वाळवले तं धुरानं पोरगी खोकलून निळी पडे. आता सांगा, चंदन काऊन नाई जाईन? निघाला गाडीवर, रेनकोट घालून.

मशीन पडवीत होती. धुवाचं भांडं एका बाजूनं, पिळाचा ड्रायर दुसऱ्या बाजूनं. प्रफुलची बायको सरिता टॉर्च धरून उभी. चंदननं झाकनाचा स्विच पाह्यला, बरोबर. पान्याचा पाइप कुठी दबला नाई. ब्रेक बरोबर. एक पाय उचलल्यासारखा वाटला तं त्याच्याखाली फरशीचा तुकडा देल्ला. रिकामा ड्रायर फिरवला... भिंगरीवानी फिरला. प्रफुलचे पँट-शर्ट टाकले, फिरला.

लेकराचे लंगोट टाकले. धड, धड, धड... बंद.

चंदन हासला. "वहिनी, कपडे एका बाजूले जमा होऊन राह्यले. सारखे पसरून टाका ना." त्यानं स्वताच एक एक तुकडा पसरला, वरून चकती दाबली. धड, धड... बंद.

झाकन उघडलं तं सारे तुकडे एका बाजूले. गोळा होऊन. कोनी कुशीत धरल्यावानी.

"कापड कोनतं आहे हे?" चंदननं इचारलं. हिरवं होतं, लाल काठाचं, धुवून धुवून मऊ झालेलं.

सरिता म्हने, "सासूबाईचं लुगडं. पेटीमांगं भेटलं, म्या फाडून लंगोट केले. आजीचं लुगडं लेकराले चांगलं असते ना."

प्रफुल दोन पावलं मांगं सरकला. चंदननं त्याच्याकडं पाह्यलं.

चंदननं एक तुकडा ओढला. त्याच्या मांगं दुसरा आला. मंग तिसरा. गाठ नोहोती. शिवन नोहोती. तो ओढत गेला, ते येत गेलं... येत गेलं... सारी पडवी भरली. अखंड लुगडं. जोडल्याची निशानी कुठीच नाई. चंदननं पहिले मशीनची वायर काढली.

"प्रफुलभाऊ... हे लुगडं कोनतं आहे?"

प्रफुलनं लुगड्याचा काठ चाचपून पाह्यला. "मायच्या अंगावरचं. शेवटचं. नदीले सोडाचं होतं. पूर होता, मी भेलो, मांगंच फिरलो. लोकाईले सांगतलं, सोडलं म्हनून."

तुमाले मालूम आहे ना, आपल्याकडं मानूस गेला का अंगावरचं कापड घरात ठेवत नाई. पोराचं काम असते ते, नदीले नेऊन देनं. ठमाबाई, प्रफुलची माय, नातीचं तोंड पाहाले तरसत गेली. लेकरू पोटात होतं तवा रोज इचारे, कवा येते, कवा येते. आन् हा लेकाचा तिचं लुगडं पेटीमांगं कोंबून मोकळा!

सरिता किंचाळली, "मले काऊन नाई सांगतलं तुमी?"

तवा चंदनले दिसलं. लुगड्याच्या मधात एक चौकोन नोहोता.

"वहिनी... एक तुकडा कमी आहे."

सरितानं आतल्या खोलीकडं बोट केलं. "तो... पोरीच्या अंगावर आहे."

आन् ड्रायर फिराले लागला.

वायर चंदनच्या हातात होती. काढलेली. ड्रायर एकाच बाजूनं फिरते पोट्टेहो, कंपनीनं तसाच बनवला असते. हा इकडं फिरे. थांबे. तिकडं फिरे. थांबे. हळू...

आतल्या खोलीतून आवाज येत होता. कर्र... कर्र... पाळन्याच्या दोरीचा. तोच ताल.

लेकरू सोडून घरात चौथं मानूस नोहोतं.

सरिता धावली. पाळना हालत होता. पोरगी गप. डोळे उघडे. अंगावरचा तुकडा पान्यानं थबथब, आन् कोरडा पाहूनच घातला होता तो. पोरीचे हातपाय थंडगार... सरितानं तो ओढून फेकला, लेकराले छातीशी लावलं, घासलं, फुकलं, रडली.

लई वेळानं पोरगी रडली.

प्रफुल आन् चंदन तसेच निघाले, लुगडं आन् तो तुकडा पिशवीत घालून. नदी काळी, फुगलेली. प्रफुल गुडघाभर पान्यात उतरला, आता नाई भेला. "माय, चुकलो वं. पोरीले सोड." लुगडं सोडलं. तुकडा सोडला. चंदननं टॉर्च मारून पाह्यलं, दोनी गेले वाहून.

घरी आले तं सरिता कडी लावून बसली होती, लेकरू मांडीवर. जागची हालली नोहोती.

पाळन्यात तो चौकोन होता. घडी केलेला. ठमाबाई करे तशी, काठ आत घालून.

कोरडा. उनातून काढल्यावानी गरम.

पोरगी आता चालते, गोड आहे लई. मशीनई बरोबर फिरते. तो तुकडा सरितानं उंच फळीवर ठेवला आहे, त्याले पानी नाई लागू देत. परवा गेलो होतो मी तिकडं. म्हनलं पाहू तं खरं, आन् ह्या हातानं चाचपला.

एवढं पानी लागून आहे बाहीर...

अजून गरम आहे.