कामरान जागा सोडतो

कर्जतच्या एका स्टुडिओत प्लायवूडचा राजवाडा आहे. त्याच्या दरबारात सिनेमाच्या कामगारांना 'एआय' शिकवायचं ठरलं. कामगार जास्त, संगणक कमी. म्हणून एकेका पडद्यापुढे दोघं.

"सरका जरा," कपडेपटातली झिनत म्हणाली. ओठांत टाचण्या धरूनही तिचा हुकूम स्पष्ट ऐकू यायचा.

कामरान सरकला. सरकणं हा त्याचा धंदाच होता. खोपोलीचा हा उंच पोरगा शूटिंगआधी हिरोच्या जागी उभा राहायचा. लाइटवाले त्याच्या तोंडावर उजेड जुळवायचे, कॅमेरावाले अंतर मोजायचे. 'टेक' म्हटलं की कामरान बाजूला, हिरो आयत्या उजेडात. आता हे उभं राहणंही यंत्रच करणार होतं. ते कसं, हे शिकायला कामरानलाच बोलावलं होतं… वर वडापाव फुकट.

आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. कीबोर्ड एक, हात दोघांचे. बोटं कधी एकाच बटणावर यायची आणि उगाच रेंगाळायची. पडद्यावर एकच अक्षर ओळभर उमटत राहायचं.

शेवटच्या दिवशी झिनत म्हणाली, "रविवारी पनवेलचे पाहुणे येतायत. मला बघायला."

"असं?… चांगलं हाय."

"एवढंच?"

"मुलगा… काय करतो?"

"बोलतो!"

शेवटचा धडा होता लग्नाच्या मागणीचा. संवाद यंत्राने लिहायचा, जोडीने करून दाखवायचा. यंत्राने लिहिलं, 'तुझ्या डोळ्यांत मला अथांग सागर दिसतो.'

"खोपोलीतून सागर?" झिनत कुजबुजली. "तुला काय दिसतं, ते सांग ना रं."

कामरानने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले…

"टेक!" शिकवणाऱ्या रोहिणी मॅडम ओरडल्या.

आणि कामरान बाजूला झाला. सवयीने, अदबीने, खालची वायर चुकवून. अख्खा दरबार हसला.

झिनत हसली नाही. "कुठं निघालास?"

"टेक म्हणाल्या ना… हिरो येईल."

"येईलच! रविवारी, पनवेलहून. तू जागा सोडलीस, तर तो उभा राहील. चालेल तुला?"

कामरान परत आला. जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर त्याने पाय रोवले. सागर तो साफ विसरला होता.

"नाय चालणार," तो म्हणाला. "झिनत… अम्मीला शनिवारी तुमच्याकडं पाठवू?"

"शनिवारी नको." ती थांबली. कामरानचा एक पाय खुणेवरून सरकला. "शुक्रवारी पाठव. जुम्म्याच्या नमाजनंतर अब्बा कुणालाच नाय म्हणत नाहीत."

टाळ्या पडल्या. इतका वेळ ऐकत बसलेल्या यंत्राने पडद्यावर शेरा दिला: 'संवादात भावना कमी आहे. सुधारून देऊ का?'

झिनतने वाकून एका बोटाने उत्तर लिहिलं.

'हात लावू नकोस.'