गाडी निघाली

राजुरीच्या ज्ञानेश्वरचं काम तसं साधं होतं. घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एका संस्थेचा दवाखाना होता. तिथल्या युनिक्स सर्व्हरची देखभाल त्याच्याकडे होती. वरच्या वाड्यांवर कुणी आजारी पडलं, की उपकेंद्रातून निरोप त्या सर्व्हरवर यायचा आणि तिथून गाडीवाल्यांच्या खोलीतल्या संगणकावर जायचा. मग आजाऱ्याला आणायला गाडी निघायची.

२००३ च्या श्रावणातली गोष्ट. सकाळी दहाला ज्ञानेश्वर घरूनच फोनच्या तारेवरून त्या सर्व्हरमध्ये शिरला. नेटवर्कचे पत्ते बदलायचे होते. चालू सर्व्हरवर असं काम करायची रीत त्याला पाठ होती. आधी जुन्या सेटिंगची प्रत ठेवायची. दहा मिनिटांनी ती आपोआप परत लागेल असा हुकूम लावून ठेवायचा, म्हणजे चूक झाली तरी सर्व्हर स्वतःच पहिल्यासारखा होतो. आणि तिथं एक माणूस बसवायचा. आजवर त्याने हे कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आणे गावी चुलतभावाचा साखरपुडा होता आणि दारात जीप उभी होती. दोन आकडे तर बदलायचे, असं म्हणून त्याने आकडे टाकले आणि बटण दाबलं.

पडदा थिजला. त्याने सर्व्हरला पुन्हा पुन्हा हाक दिली, पण आत काही शिरता येईना. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

उद्या जाऊन बघू, असं मनाशी म्हणत तो जीपमध्ये बसला. दवाखान्यात फोनसुद्धा केला नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने तो पोचला तेव्हा भर दुपार होती, पण धुक्याने दवाखान्याचं फाटकही दिसत नव्हतं. आरती सिस्टर व्हरांड्यात उभ्या होत्या.

"काल वाडीवरच्या बयाबाईला पान लागलं, साप चावला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आपल्याकडे निरोप आलाच नाही. गाडी जागची हलली नाही. सांजच्याला दूधवाल्याकडून कळलं, बाई गेली म्हणून."

ज्ञानेश्वर तसाच सर्व्हरच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आत ओल्या गवताचा वास भरला होता. खिडकी तर बंद होती.

चूक लगेच सापडली. गाडीवाल्यांच्या संगणकाच्या पत्त्यात शेवटी एक्केचाळीसच्या जागी चौदा पडलं होतं. चौदा नंबरचं यंत्र त्या दवाखान्यात नव्हतंच. त्याने कालची नोंद उघडली.

अकरा चाळीस. वाडीचा निरोप चौदाला पाठवला.

अकरा चाळीस. पोचला.

अकरा एक्केचाळीस. चौदाकडून उत्तर: गाडी निघाली.

त्याने तीन वेळा वाचलं. मग चौदाला हाक देऊन पाहिली. उत्तर आलं, लगेच. जणू कुणी वाटच बघत होतं... त्याने भिंतीतली नेटवर्कची तार उपसून हातात धरली. पडद्यावर उत्तरं येतच राहिली. एकामागून एक, सावकाश.

भीती वाटली, पण भीतीपेक्षा मोठं काही वाटलं असेल तर ते हे, की ही नोंद कुणी पाहिली तर आपलं नाव येईल. त्याने नोंद पुसली, आकडे दुरुस्त केले, तार लावली. डॉक्टरांना म्हणाला, "लाइन गेली होती."

"त्याला तू काय करणार?" डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला पुढं दोन महिने चटके देत राहिला. जेवायला बसलं की घास फिरायचा. कुणी कामाची तारीफ केली, तर मान वर होत नसे.

शेवटी भातकापणीच्या दिवसांत तो वाडीवर चढला. बयाबाईचा नवरा भागू खाचरात कापणी करत होता. ज्ञानेश्वर बांधावरच खाली बसला आणि सगळं सांगून टाकलं. साखरपुडा, आकडे, पुसलेली नोंद. "माझ्यामुळं गाडी आली नाही, भाऊ. माझ्यामुळं ती गेली."

भागूने विळा खाली ठेवला.

"गाडी आली व्हती की," तो म्हणाला.

"कधी?"

"तवाच. बाराच्या आत. धवळी गाडी. चालवनारा काय बोलला न्हाई. दार आतनं उघडलं. बया आपल्या पायानं चढली. माला म्हनली, पोरींपाशी ऱ्हावा."

"पण निरोप... बाई गेली म्हणून..."

"गेलीच ना. गाडीत बसून गेली. मी दोनदा दवाखान्यात आलो. तितं म्हनत्यात, आमची गाडी निघालीच न्हाई. माला खुळ्यात काढत्यात." त्याचा आवाज खाली आला. "पावणं, तुमी त्यातलं जानकार. तिला कुटं नेलं, तेवढं बघून सांगा."

सांगणारी एकच नोंद होती आणि ती ज्ञानेश्वरने आपल्या हाताने पुसली होती.

"परवा परत आली व्हती," भागू म्हणाला.

"कोण?"

"गाडी. रिकामी. दुपारभर दार उघडं ठिवून हितंच उभी व्हती. आमी कुनीच निरोप दिला नव्हता..." त्याने घराकडे पाहिलं. दाराला बाहेरून कडी होती. "धाकटी पोरगी सारखी म्हनती, माला जायचंय. तवापास्नं कोंडून ठिवलीय तिला."

खाली, धुक्यात, कुठंतरी गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला.