घडीचा क्रोनोग्राफ

फोन नेमबाजीच्या रेंजवरच्या पहारेकऱ्याचा होता, आणि तो नुसता "पोरीचा डोळा, बाई, पोरीचा डोळा" एवढंच म्हणत होता.

फौजदारबाई पोचल्या तोवर पोरीला इस्पितळात हलवलं होतं. एअरगनची छोटीशी रेंज ती. एका टोकाला नेमबाजांची टेबलं, दुसऱ्या टोकाला टारगेट. टारगेटमागे जाड लाकडी फळी आणि फळीपलीकडे सामानाची खोली. पोरगी त्या खोलीत नवे पुठ्ठे काढायला गेली होती. फळीला एकमेकांशेजारी तीन भोकं होती, तिन्ही आरपार.

"इथल्या बंदुकीचा छर्रा फळीत रुततो, बाई. पलीकडे जातच नाही," कोच सांगत होते. कोच म्हणजे पोरीचा सख्खा मामा. तिच्या हातात पहिली बंदूक त्यांनीच दिली होती.

"मग ही भोकं उंदरांनी पाडली का?"

"कसं सांगू? मी आणि मिस्त्री ऑफिसात चहा घेत होतो."

मिस्त्री म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा माणूस. त्यानंही मान डोलावली. दोघांच्याही बंदुका बाहेर टेबलावर होत्या, आणि दोघांना एकमेकांशिवाय साक्षीदार नव्हता.

"तू काय पाहिलंस?" बाईंनी पहारेकऱ्याला विचारलं.

"मी मागे पाण्याची मोटार बंद करायला गेलो होतो. येतो तर पोरीचे वडील तिला उचलून धावत बाहेर येताहेत. खांद्याला तिची बंदुकीची बॅग, गळ्यात तिची ती आवाज अडवायची कानावरची टोपणं. सगळं रक्तानं माखलेलं. माझी तर दातखीळच बसली."

वडील इस्पितळात भिंतीला टेकून उभे होते. "तिला घरी न्यायला आलो होतो," ते म्हणाले. "रस्त्यावर असतानाच तिची किंकाळी ऐकली आणि आत धावलो."

डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा गेला. छर्रा मिळाला, पण शिसं इतकं चेपलं होतं की कुठल्या नळीतून सुटला ते त्याला विचारून उपयोग नव्हता.

पोरगी शुद्धीवर आली. काही पाहिलं का, या प्रश्नावर तिनं नकारार्थी मान हलवली. तिचा प्रश्न वेगळाच होता.

"मामा कधी येणार? डाव्या डोळ्यानं नेम धरायला तोच शिकवेल ना?"

"येईल हं लवकर," बाई म्हणाल्या. पोलिसांनी असली आश्वासनं देऊ नयेत हे त्यांना कळत होतं. पण त्या खाटेपाशी उभं राहून दुसरं काय बोलणार होत्या?

---

प्रश्न एकच होता. दोन बंदुकांपैकी फळी फोडण्याइतका वेग कुठलीचा? रेंजची मर्यादा होती सेकंदाला पावणेदोनशे मीटर. फळी पुरावा म्हणून सीलबंद झालेली, तिच्यावर पुन्हा गोळ्या झाडता येईनात, आणि तसल्याच लाकडाची दुसरी फळी मिळेना. प्रयोगशाळेनं तर हात वर केले. नंबर लागेल तेव्हा लागेल, म्हणाले. वरचे साहेब रोज फोन करून डोकं खात होते.

"छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र मिळतं, मॅडम. क्रोनोग्राफ," पोरीचे वडीलच म्हणाले. ते रोज ठाण्यात येऊन बसत. "मला थोडं कळतं त्यातलं. मी येतो बरोबर."

बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना हायसं वाटलं.

दुकानदारानं तीन यंत्रं काउंटरवर मांडली. एक बंदुकीच्या तोंडालाच बांधायचं. एक बोगद्यासारखं बंद, आत स्वतःचा दिवा असलेलं. तिसरं घडीचं. पुस्तकासारखं उघडायचं, दोन पानांत दोन डोळे. छर्रा वरून गेला की पहिला डोळा त्याची सावली टिपतो, मग दुसरा. मधल्या वेळावरून वेग.

"बाई, बोगद्याचं घ्या," दुकानदार म्हणाला. "कसंही ठेवा, चुकत नाही."

"ते केवढं बोजड! घडीचंच बरं, खिशात मावतं," वडील म्हणाले.

दुकानदारानं त्यांच्याकडे पाहिलं. "पुन्हा हेच?"

"यांच्यासाठी घेतोय," वडील हसून म्हणाले. रेंजसाठी पूर्वी घेतलं असेल, असं बाईंना वाटलं. घडीचं यंत्र घेऊन त्या निघाल्या.

मोजणी रेंजच्या अंगणात झाली. रेंजमधल्या ट्यूबलाइटखाली यंत्र गोंधळतं, वडिलांनी समजावलं. त्यांनीच ते फरशीवर मांडलं. मिस्त्रीच्या बंदुकीचा वेग एकशे सत्तरच्या आसपास आला. दरवेळी तोच.

मग ऊन सरकलं. "डोळ्यांवर थेट ऊन पडलं की ते आंधळं होतं," म्हणत वडिलांनी यंत्र सावलीतल्या टेबलावर नेलं. टेबल डगमगत होतं. त्यांनी टारगेटचे दोन पुठ्ठे दुमडून यंत्राच्या दोन्ही टोकांखाली सारले. हवालदारानं नियमाप्रमाणे फोटो काढला.

कोचच्या बंदुकीचा आकडा आला दोनशे वीस. पुन्हा झाडली. पुन्हा दोनशे वीसच्या वरच.

"शक्यच नाही!" कोच ओरडले. "दाजी, तुम्ही सांगा ना यांना!"

दाजी म्हणजे पोरीचे वडील. ते खाली मान घालून उभे राहिले.

त्याच दिवशी कोचना कोठडीत टाकलं. पोरीची आई ठाण्याच्या बाकावर बसून राहिली. भाऊ आत, लेक इस्पितळात. "मी कुणाच्या बाजूनं रडू, तेवढं सांगा," ती म्हणाली. बाईंनी तिला पाणी दिलं. तेवढंच हातात होतं.

---

गाठ सुटली ती हवालदाराच्या आगाऊपणामुळे. जप्त बंदुका प्रयोगशाळेला पाठवण्याआधी, ठाण्यामागच्या मैदानात, त्याला एकदा स्वतः वेग मोजून बघायची हौस आली. त्यानं यंत्र मातीवर कसंबसं उघडलं आणि मिस्त्रीची बंदूक झाडली.

"बाई, इकडे या! ही बंदूक तालमीत जाऊन आली की काय? दोनशे तीस दाखवतेय!"

बाई पळत गेल्या. यंत्राची घडी पुरती उलगडली नव्हती. दोन्ही टोकं जराशी वर उचललेली होती. त्यांनी ती दाबून सपाट केली. आकडा पुन्हा एकशे सत्तर.

त्यांनी मोजणीचा फोटो मागवला. टेबलावरच्या यंत्राची दोन्ही टोकं पुठ्ठ्यांवर चढली होती.

डगमगत होतं टेबल. मग पुठ्ठे टेबलाच्या पायाखाली का नाही घातले?

 बाई तडक कोठडीकडे गेल्या.

"रेंजवर कधी क्रोनोग्राफ होता?"

"छे हो. कधीच नव्हता," कोच म्हणाले. मग जरा घुटमळले. "एक सांगायचं होतं. पोरीची बंदूक आणि तिची कानावरची टोपणं माझ्या कपाटात आहेत. बंदुकीला तेल लावायला सांगा कुणाला तरी. गंजेल नाहीतर."

"तिची बंदूक कपाटात?"

"सराव संपला की मीच कुलपात ठेवतो. त्या दिवशीही ठेवली होती."

बाई गजांना धरून उभ्या राहिल्या. मग पहारेकऱ्यानं पाहिलेली ती बॅग कुणाची होती?

---

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना रेंजवर बोलावलं. कोच, मिस्त्री, पोरीचे आईवडील. टारगेटच्या जागी नवी फळी होती, वखारी पालथ्या घालून आणलेली, जुनीच्याच लाकडाची, तेवढीच जाड.

बाईंनी कोचची बंदूक मिस्त्रीच्या हाती दिली. "झाडा."

छर्रा फळीत रुतून बसला.

"दोनशे वीसचा छर्रा असा बसतो का हो?" बाईंनी विचारलं. त्यांनी टेबलावर घडीचं यंत्र उघडलं.

"यातले दोन डोळे सरळ वर बघतात. त्यांच्यातलं अंतर यंत्राला पाठ आहे. पण टोकं उचलली की डोळे एकमेकांकडे कलतात. वर, छऱ्याच्या वाटेवर, त्यांच्या नजरा जवळ येतात. छर्रा एका नजरेतून दुसरीत लवकर पोचतो, आणि यंत्र बिचारं समजतं की छर्राच जोरात आला. पुठ्ठे टोकांखाली घातले ते एवढ्यासाठी. टेबल डगमगतच राहिलं होतं."

कोच सावकाश दाजींकडे वळले.

"बोगद्याचं यंत्र असं फसवता येत नाही, म्हणून ते नको होतं," बाई पुढे म्हणाल्या. "घडीच्याची खोड यांना माहीत होती, कारण एक यांच्या घरी आहे. दुकानदारानं काल कबूल केलं. घरी वेग मोजायची गरज कुणाला पडते? जो बंदुकीची ताकद वाढवतो त्याला. मिस्त्री, यांनी तुमच्याकडून काय नेलं होतं?"

"जाड स्प्रिंग," मिस्त्री पुटपुटला. "मैदानात डबे उडवायला हवी, म्हणाले. मीच बसवून देतो म्हटलं, तर नको म्हणाले."

"खोटं आहे हे!" वडील म्हणाले. "माझ्या बंदुकीची स्प्रिंग केव्हाच तुटली. बंदूक भंगारात दिली मी."

तेव्हा पोरीची आई उठली. तिच्या पायाशी एक लांब बॅग होती. तिनं ती टेबलावर ठेवली. बॅगेवर काळपट डाग होते.

"माळ्यावर गाद्यांच्या मागे होती," ती म्हणाली. "मला आठ दिवसांपासून माहीत आहे. म्हटलं, हे स्वतःहून सांगतील. रोज जेवायला वाढताना वाट बघत होते मी."

मिस्त्रीनं ती बंदूक झाडली. छर्रा फळीतून आरपार गेला आणि मागच्या खोलीत काहीतरी फुटलं.



"रेंज रिकामी दिसली," वडील जमिनीकडे बघत म्हणाले. "म्हटलं, नवी स्प्रिंग बघू या. ती आत आहे हे मला... अपघात होता हो तो."

"तो अपघात होता," बाई म्हणाल्या. "पुठ्ठे अपघात नव्हते. आणि एक राहिलं. रस्त्यावरून किंकाळी ऐकली म्हणालात. टोपणं तुमच्या गळ्यात होती, पोरीची कपाटात. रस्त्यानं येणारा माणूस कान झाकायची टोपणं घालून येत नाही. तुम्ही किंकाळी ऐकलीच नव्हती."

वडिलांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. पोरीच्या आईनं तोंडाला पदर लावला.

"भोकं तीन आहेत," ते कसंबसं म्हणाले. "पहिल्यालाच ती ओरडली असेल. मी आणखी दोनदा झाडली. बंदूक बॅगेत घातली. मग टोपणं काढली, तेव्हा तिचं रडणं ऐकू आलं. ती बाबा, बाबा करत होती." ते कोचकडे वळले. "तुम्हाला अडकवायचं नव्हतं. वाटलं, केस रेंगाळेल, सुटाल तुम्ही. तिला कळू नये एवढंच होतं."

 कोचनी बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

---

संध्याकाळी बाई कोचना घेऊन इस्पितळात गेल्या. निर्दोष माणूस सुटला होता, साहेबांनी फोनवर शाबासकीही दिली होती. जिन्यात मात्र त्या मागेच रेंगाळल्या.

पोरीनं पावलं ओळखली. "मामा!" ती उठून बसली. मामानं तिला जवळ घेतलं. ती त्याच्या शर्टाला बिलगून डाव्या डोळ्यानं दाराकडे बघू लागली. दारात आई होती, तिच्यामागे कुणी नव्हतं.

"बाबा रोज या वेळेला येतात," ती म्हणाली. "आज कुठेत? कधी येणार?"

मामानं आईकडे पाहिलं. आईनं फौजदारबाईंकडे. पोरगीही मग त्यांच्याकडेच बघू लागली, कारण मामा येईल असं याच बाईंनी सांगितलं होतं आणि तो खरंच आला होता.

येईल हं लवकर, एवढंच म्हणायचं होतं. बाई खाटेच्या कडेला बसल्या, तिचा हात हातात घेतला, आणि शब्द काही तोंडातून फुटेना.