तिचे ओठ

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण माझ्या मावशीला थापा मारायची सवय नाही. तिने सांगितलं तसं सांगतोय. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलंय.

रात्र नव्हती, भरदुपार होती. जागा म्हणजे एका बंद पडलेल्या चित्रपट कंपनीचं गोदाम.

लहानपणच्या तापानंतर मावशीला ऐकू येत नाही. पण ओठ असे वाचते की घरात कुणाला कुजबुजायची सोय नाही! म्हणूनच कंपनीच्या मालकाच्या नातवाने तिला बोलावलं होतं. आजोबांचा एक मूकपट तो दुरुस्त करत होता. मधल्या संवादांच्या पाट्या हरवल्या होत्या. नायिका काय बोलते ते मावशीने वाचायचं, तो नव्या पाट्या करणार.

नायिका म्हणजे एका शिंप्याची पोर. तीनच चित्रपट केले, पण काड्यापेटीवर तिचं चित्र छापलं जायचं. मग बोलपट आले आणि ती गायब झाली.

"आवाज घोगरा निघाला, कुणाचा तरी हात धरून पळाली," मालकाने गावभर सांगितलं. तिची आई मरेपर्यंत मान खाली घालून जगली.

यंत्र सुरू झालं.

बागेतला प्रसंग. नायक खुद्द मालकच. ती त्याच्याकडे बघून लाजली. ओठ हलले...

"मी पळून गेले, असं हा सांगेल. खोटं आहे ते."

मावशीने चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"काय म्हणतेय, ताई?" नातवाने हसत विचारलं.

ते हसू मावशीला आवडलं नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"प्रेमाचं बोलतेय. 'जन्मभर तुमचीच राहीन' म्हणते."

"पुन्हा बघू."

तीच बाग. तेच लाजणं. पण ओठ... वेगळे.

"तुझ्या मागच्या भिंतीत मी आहे."

मावशी गर्रकन वळली. बाकीच्या भिंती उघड्या विटांच्या, ही एकच गिलावा केलेली. तिला टेकून नातू उभा होता.

त्याचे ओठ हळूच हलले.

"भिंतीचं काही बोलली का?"

त्याला कसं कळलं?

"छे हो! प्रेमाचंच," म्हणत मावशीने पिशवी उचलली आणि चपला तिथेच टाकून रस्ता गाठला.

घरी सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. पडद्यावरची बाई बोलली म्हणून कुणाची भिंत कोण फोडणार?

पुढे तो चित्रपट लागला. मीच मावशीला बळेबळे घेऊन गेलो. बाग आली. पाटी झळकली, 'जन्मभर तुमचीच राहीन.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाटी गेली आणि ती पुन्हा दिसली. नायकाकडे बघत नव्हती. थेट आमच्या रांगेकडे...

मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

मला ओठ वाचता येत नाहीत. पण त्या दिवशी मलाही कळलं.

"तूही खोटंच सांगितलंस."

मावशी आता कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. गोदाम अजून तिथेच आहे. भिंतही.